प्रॉसरच्या ताटातलं सहावं सफरचंद

नेस्टाला मागणी घालायला फर्गस आला, तो नेमका गावच्या फळप्रदर्शनाच्या सकाळी. बाप हो म्हणाला तरच लग्न, असं नेस्टानं त्याला बजावून ठेवलं होतं.

बाप, म्हणजे प्रॉसर, इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधला नावाजलेला सफरचंदवाला. त्यानं पोराला बसायलाही सांगितलं नाही. "करतोस काय रे तू?"

"वर्महोलवर संशोधन करतो, सर."

"अळीच्या भोकावर? त्यावर औषध फवारतात. संशोधन कसलं डोंबलाचं!"

"नाव तिथूनच आलंय!" फर्गस खुलला. आता खुललेल्या विद्वानाला आवरणार कोण? "विश्वातला जवळचा रस्ता म्हणा ना. हे बघा." टेबलावरच्या ताटातलं एक सफरचंद उचलून त्यानं कोटाला पुसून लख्ख केलं. "मुंगीला पलीकडे जायचं तर सालीवरून वळसा. अळी मात्र थेट आरपार!" शेजारची विणकामाची सुई त्यानं खच्चकन खुपसली. "म्हणून तर एका अमेरिकन शास्त्रज्ञाला हे नाव सुचलं."

नेस्टानं कपाळावर हात मारला.

ती प्रदर्शनाची सफरचंदं होती. सहाही एका आकाराची, एका रंगाची. सालीवरची पांढुरकी झाक पुसली जाऊ नये म्हणून प्रॉसरनं देठाला धरून उतरवलेली. जोडीला बसेल असं सातवं अख्ख्या बागेत नव्हतं.

"त्या भोकातून गेलंय का कधी कुणी?" प्रॉसरनं दातओठ खात विचारलं.

"नाही, सर. अजून एकही दिसलेलं नाही."

"वा रे वा! शब्द आमच्या खापरपणजोबांचा, भोक कुणी बघितलेलं नाही, आणि पगार तुला!"

दुपारी प्रदर्शनाच्या मांडवात प्रॉसरनं ते सफरचंद भोक झाकलं जाईल असं ठेवलं. पण परीक्षकबाई कसली वस्ताद! तिनं ते उलटंपालटं केलं, नाक मुरडलं आणि चिठ्ठी लावली: 'कीड. बाद.' लग्न बोंबललं, हे फर्गसला कळून चुकलं. त्याला रडूच यायला लागलं.

शेजारचा बागवाला गॉडसल टपलेलाच होता. "काय प्रॉसर, बागेत अळी शिरली म्हणे? चालायचंच. वय झालं तुझं!"

प्रॉसर लालबुंद झाला. "तोंड सांभाळ, गॉडसल! माझ्या बागेत बापजन्मात अळी शिरलेली नाही. ते भोक माझ्या जावयानं पाडलंय!"

अख्ख्या मांडवानं ऐकलं. बापानं शब्द फिरवायच्या आत नेस्टानं फर्गसचा हात घट्ट धरला.