पत्रिकेतला अंतिम सामना

“रिसोडवाले जिकले हे आमाले बी दिसते, मास्तर. पण फायनल कुठी झाली?” इंदरचंदजींनी टेबलावरची गुलाबी पत्रिका बबनरावांपुढे सरकवली.

बबनरावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ती त्यांना पाठ होती. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा, वाशीम, १९७४. शनिवारी दुपारी चार वाजता अंतिम सामना आणि पारितोषिक वितरण, आमदारसाहेबांच्या शुभहस्ते. खाली लग्नपत्रिकेसारखी निमंत्रकांची रांग, त्यात सगळ्यांत ठळक नाव संस्थेचे अध्यक्ष म्हणून इंदरचंदजींचं. स्पर्धा कोणत्या पद्धतीनं घ्यायची हे ठरण्याआधीच ही पत्रिका छापून गावभर वाटून झाली होती.

पद्धत ठरली ती नंतर, प्राचार्यांच्या याच खोलीत. बबनराव वाशीमच्या याच कॉलेजचे क्रीडाशिक्षक. एकोणीस वर्षं मैदानावर घालवलेला माणूस. बाद पद्धतीत एखादा चांगला संघ पहिल्याच सकाळी, एका घसरलेल्या पायापायी घरी जातो, हे त्यांनी दरवर्षी पाहिलं होतं. यंदा भांडून त्यांनी साखळी पद्धत मंजूर करून घेतली. पाच कॉलेजं, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, जास्त सामने जिंकेल तो विजेता. “साखळीत शेवटचा दिवस कोरडा जातो, बबनराव. लोकांना एक शेवटची झुंज लागते,” असं प्राचार्य तेव्हा म्हणाले होते. त्यातही तथ्य होतंच. पण मंजुरी दिली होती, आणि बबनरावांनी पाचही कप्तानांना मैदानात उभं करून सांगितलं होतं, “चार मॅची जिका, शिल्ड तुमचा. याच्यावर काही नाही.”

रिसोडनं चारही जिंकल्या. वाशीम तीन जिंकून दुसरं आलं.

“पहिल्या दोघांची फायनल घेऊन टाकू,” प्राचार्य म्हणाले.

“वाशीमले हरवूनच तं ते पहिले आले ना साहेब. पुन्हा कायले खेळायचं त्याइनं?”

“पत्रिका वाटली ना, मास्तर!” इंदरचंदजींचा आवाज खरोखर कळवळला होता. “वाटलेली पत्रिका कोनी वापस घेते काय? पाहुना बलावला, गाव बलावलं. मांडवात काय दाखवू लोकाइले?”

“मंग पत्रिकेलेच शिल्ड द्या.”

ठराव लिहिला गेला. भाजलेल्या वांग्यात अळी निघावी तसं बबनरावांचं तोंड झालं आणि ते उठून बाहेर आले.

रिसोडचा कप्तान सोमला नळावर पाय धूत होता. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा पोरगा. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि एकदा घोटा धरला की सोडायचा नाही.

“उद्या फायनल हाय, सोमला.”

“कोनाची?”

“तुमची. वाशीमसंग.”

“त्याइले तं कालच हरवलं आमी.”

“हरवलं.”

“तुमीच म्हनलं होतं सर, चार जिकले की झालं.”

“म्हनलं होतं.”

“मंग काहून?”

“पत्रिका छापली.”

सोमलानं नळ बंद केला. “सर, तांड्यावरून सकाळी टरक निंघून राह्यला. ऊसतोडीले. आमी पाच जन त्याच टरकात हाओत. माया मायनं मुकादमाचे पाय धरून चार दिस थांबवलं त्याले, या मॅचीसाठी. आता तो नाही थांबत.”

“मी बोलतो,” बबनराव म्हणाले आणि परत आत गेले. आत चहा आला होता. मांडवात खुर्च्या किती आणि कोणाच्या, यावर चर्चा चालू होती. बबनरावांनी ट्रकचं सांगितलं.

“नाही आले तर वाशीमला पुढे चाल, शिल्ड त्यांना,” प्राचार्य कपातून तोंड वर न काढता म्हणाले. “नियमात आहे.”

नियमात होतं. नियमांचं ते पुस्तक बबनरावांनीच अमरावतीहून आणलं होतं.

शनिवारी चारला मांडव भरला. केनवड, आसेगावपासून लोक आले होते. रिसोडचे उरलेले दोघे सकाळच्या एसटीनं निघून गेले होते. बाहेरचे पंच साखळी संपताच आपापल्या गावी गेले, म्हणून शिट्टी बबनरावांच्या गळ्यात होती. वाशीमची सात पोरं नव्या बनियनमध्ये उभी राहिली. समोरचं अर्धं मैदान रिकामं होतं.

“एक चढाई तरी होऊ द्या,” मांडवातून प्राचार्यांचा निरोप आला. “साहेबांना काही दिसलं पाहिजे.”

वाशीमचा चढाईपटू जिनदास मधल्या रेषेपाशी आला आणि हळूच म्हणाला, “सर, कोनाले शिवू?”

“जाय.”

कबड्डी कबड्डी करत पोरगा रिकाम्या अंगणात शिरला. लोक आधी हसले, मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. जिनदासनं पूर्ण फेरी घेतली. डाव्या कोपऱ्याशी गेल्यावर मात्र त्यानं सवयीनं पाय झटकन मागे ओढला. तिथं कोणी नव्हतं. लाल झालेल्या तोंडानं तो रेषेवर परतला आणि बबनरावांकडे बघत उभा राहिला.

बबनरावांना त्या मांडवाची किळस आली, टाळ्यांची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली. आमदारसाहेब घड्याळ पाहत होते.

“सर,” जिनदास म्हणाला, “पॉइंट?”

बबनरावांनी हात वर केला आणि वाशीमला गुण दिला.