एका प्रिंटरची तीन नावं

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो, आणि गेल्या वर्षी एकाच घरात मला तीन नावं होती. माणसाला दोन नावं असतात, एक घरचं आणि एक शाळेचं, तिथवर ठीक आहे. तिसरं नाव पडलं की हाक कुणाला मारली आणि 'ओ' कुणी द्यायची, याचाच पत्ता लागत नाही. माझं अगदी तसंच झालं, आणि त्यापायी मी भंगारात जाता जाता वाचलो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते निळं पिंप. न्यूयॉर्कला राहणाऱ्या एका बाईनं नाताळासाठी आपल्या बहिणीला पिंपभर सामान पाठवलं होतं. तांदूळ, साबण, डबाबंद मासे, आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेला मी. बोटीनं कॅरिबियन समुद्रातल्या सांतो दोमिंगो बंदरात उतरलो आणि शहराबाहेर, व्हिया मेया उपनगराच्या पलीकडे, एलादियाबाईंच्या घरी पिंपाचं झाकण उघडलं. पुढे महिनाभर माझ्या कागदांना साबणाचा वास येत होता.

एलादियाबाई म्हणजे चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं म्हणे. पण म्हातारपणी हात थरथरायला लागला. लेखणी धरली की रेघ नागमोडी पळायची. म्हणून बहिणीनं मला धाडलं. बाई लॅपटॉपवर एका बोटानं अक्षर अक्षर शोधत लिहायच्या आणि मी ते सरळ ओळीत कागदावर उतरवायचो. पहिल्या कागदावर त्यांनी फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. तो कागद त्यांनी कितीतरी वेळ हातातून खाली ठेवला नाही. मला फार बरं वाटलं. या बाईंचं काम मनापासून करायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

काम तरी किती प्रकारचं! ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत राजम्याची गोड खीर विकायची पाटी मीच छापली. बाईंचे यजमान फेर्मिनभाऊ वीज कार्यालयाला तक्रारीची पत्रं लिहीत, तीही मीच. शेजारच्या नेरेइदानं घरात बर्फ विकायला काढला, तेव्हा तिच्या दारावर लावायला 'बर्फ मिळेल' असा कागद बाईंनी करून दिला.

तो कागद नेरेइदानं उलटा लावला. दोन दिवस तो तसाच होता आणि तिला कळलं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. साठीची बाई, हाताला चुणचुणीत, जिभेला तिखट, पण अक्षरशत्रू. तिसऱ्या दिवशी गल्लीत डॉमिनोचा डाव मांडलेल्या टेबलावरून फेर्मिनभाऊंनी विचारलं, "काय गं नेरेइदा, तुझा बर्फ छताकडे वितळतो का?" सगळं टेबल हसलं. तिनं कागद काढला, दार लावलं आणि दुपारी बाईंच्या पडवीत येऊन म्हणाली, "बाई, मला शिकवा."

नेरेइदा एकटीच आली होती, पण बघता बघता पाच जणी झाल्या. पडवीत खुर्च्या मांडायच्या, कॉफी ठेवायची आणि मी छापलेले कागद वाटायचे. नेरेइदाची नजर अधू होती, म्हणून तिच्यासाठी अंगठ्याएवढी अक्षरं. एका पानावर जेमतेम सहा ओळी मावायच्या. कागद खूप लागायचा, पण मी कधी कुरकुर केली नाही. बाई त्यांना पहिल्या दिवसापासून एकच सांगायच्या, की वाचल्याशिवाय कशालाही हो म्हणायचं नाही आणि कशावरही सही करायची नाही.

वर्ष दीड वर्ष गेलं. मग मे महिन्यात पाद्रीबाबांनी नेरेइदाला निरोप धाडला. वस्तीचा सण जवळ आला होता, पवित्र आत्म्याचा. त्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधला एक लांबलचक उतारा वाचतात. त्यात दूरदूरच्या मुलखांची नावं एकामागून एक येतात, चांगल्या चांगल्यांची बोबडी वळते. वीस वर्षं हा मान फेर्मिनभाऊंचा होता. त्यांचा आवाज भारदस्त, आणि त्यांना तो आवडायचाही. या वर्षी नेरेइदानं वाचावं, असं पाद्रीबाबांना वाटलं. कागद उलटा लावला म्हणून हसलेली सगळी माणसं समोर बाकांवर बसणार होती. नेरेइदा आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली, मग रात्रभर झोपली नाही, असं तिनंच सांगितलं.

चर्चच्या पुस्तकातली अक्षरं मुंगीएवढी. फेर्मिनभाऊ म्हणाले, "शनिवारपर्यंत नाही जमलं तर सांग, मी आहेच." हे ते चांगल्या मनानं म्हणाले की टोमणा मारला, हे मला आजही सांगता येणार नाही. बाईंनी बुधवारी सगळा उतारा एका बोटानं उतरवून घेतला, मोठ्या अक्षरात. गुरुवारी छापायचा होता.

आणि नेमका गुरुवारपासून मी छापेना.

आता माझा आजार काय होता ते सांगतो. आमच्याकडे लाइट जाते. तुमच्याकडेही जात असेल, पण आमच्याकडे ती येताना अंगात आल्यासारखी येते. एकदा अशाच येण्यात बाईंचा फ्रिज जळला. तेव्हापासून बाईंचा नियम झाला. लाइट गेली की घरभर फिरून सगळ्या तारा उपटायच्या. टीव्हीची, पंख्याची, माझी भिंतीतली, आणि माझी लॅपटॉपमध्ये जाणारीसुद्धा, कारण वीज कुठून शिरेल याचा काय नेम! लाइट आली की सारी गल्ली ओरडते, "आली!" मग बाई पुन्हा सगळ्या तारा खोचतात. लॅपटॉपला अशी तीन भोकं आहेत, दोन डावीकडे, एक उजवीकडे. बाई हाताला लागेल त्या भोकात माझी तार खोचत.

माझ्या जातीच्या स्वस्त प्रिंटरांना आपली ओळख नीट सांगता येत नाही. भोक बदललं की लॅपटॉपला वाटायचं, घरात नवा पाहुणा आला. पडद्यावर यायचं, नवीन प्रिंटर सापडला, बसवत आहोत, थांबा. बाई घाईघाईनं हो, हो, हो दाबून मोकळ्या व्हायच्या. झालं माझं बारसं! खरं नाव एक, मग 'प्रत एक', मग 'प्रत दोन'. छापायची वेळ आली की बाई यादीतलं सगळ्यात वरचं नाव दाबायच्या. त्या नावाचा कागद त्या भोकाशी जाऊन थांबायचा, आणि मी दुसऱ्याच भोकाला तोंड लावून बसलेलो असायचो. मला काही ऐकूच यायचं नाही.

बाईंनी मला नवी शाई दिली. फेर्मिनभाऊंनी पाठीत दोन धपाटे घातले. मोबाइलच्या दुकानातला बोलिव्हर याआधी दोनदा येऊन गेला होता. तो सगळी नावं पुसायचा, मला नव्यानं बसवायचा, एक पान काढून दाखवायचा आणि कॉफी पिऊन जायचा. मग लाइट जायची आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. शुक्रवारी तो तिसऱ्यांदा आला, पण या खेपेला त्यानं हातही लावला नाही. "बाई, याचं वय झालं," तो म्हणाला. "उद्या दुपारी घेऊन जातो. आतले सुटे भाग तरी कामी येतील." त्याच्या दुकानात छापून मिळेल का, असं बाईंनी विचारलं, तर दुकान सणासाठी सोमवारपर्यंत बंद होतं.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. पण खरं सांगतो, माझ्या सुट्या भागांपेक्षा मला त्या पानांची जास्त काळजी होती. बाईंनी वही काढून स्वतःच्या हातानं उतारा लिहायचा प्रयत्न केला. तीन ओळींनंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

शनिवारी सकाळी नेरेइदा आली. बाईंनी तिला सांगितलं, की प्रिंटर गेला, आता फेर्मिनलाच वाचू दे. नेरेइदा लॅपटॉपसमोर बसली. तिची नजर अधू म्हणून बाईंनी पडद्यावरची अक्षरं आधीच मोठी करून ठेवली होती. ती बोट ठेवून वाचायला लागली. उतारा नाही, तिथली प्रत्येक बारीकसारीक पाटी.

"बाई, इथं तीन नावं आहेत. एक नुसतं. एकाच्या पुढे प्रत एक, एकाच्या पुढे प्रत दोन."

"असू दे गं, ते तसंच येतं. हो म्हण आणि पुढे जा."

नेरेइदानं मान वर केली. "वाचल्याशिवाय हो म्हणू, बाई?"

बाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

नेरेइदा वाचत राहिली. वरचं नुसतं नाव फिकट होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, चौदा कागद वाट पाहत आहेत. खालचं प्रत एक मात्र ठळक होतं. तिनं माझी तार उपटली. प्रत एकही फिकट झालं. तिनं तार शेजारच्या भोकात घातली, तर प्रत दोन ठळक झालं. मग ती उठून लॅपटॉपच्या उजवीकडे गेली आणि तिसऱ्या भोकात तार खोचली. वरचं नाव काळंभोर झालं, आणि इतक्या दिवसांनी मला माझं नाव ऐकू आलं.

मी असा काही घरघरलो की फेर्मिनभाऊ कॉफीचा कप घेऊन धावत आले. आधी आली राजम्याच्या खिरीची जुनी पाटी, मी चालतो का ते पाहायला बाईंनी गुरुवारी धाडलेली. मग वीज कार्यालयाला लिहिलेलं एकच पत्र, पाच वेळा. ते फेर्मिनभाऊंनी गुपचूप उचलून घेतलं. आणि शेवटी उताऱ्याची पानं, एकामागून एक, अंगठ्याएवढ्या अक्षरांची. नेरेइदा प्रत्येक पान गरम गरम हातात घेत होती. मग ती घरी जाऊन नखं रंगवायची लाल बाटली घेऊन आली. त्या भोकाशेजारी एक ठिपका दिला, तारेच्या टोकावर एक दिला. बोलिव्हर दुपारी आला, तेव्हा त्याला कॉफी मिळाली, मी मिळालो नाही.

रविवारी घरात मी एकटाच होतो. पण सणाच्या दिवशी चर्चवर कर्णा लावतात, त्यामुळे सगळ्या वस्तीला ऐकू येतं. नेरेइदाचा आवाज आधी बारीक आला, मग स्थिरावला. मुलखांची नावं सुरू झाली. ती ठीक म्हणत होती, कारण वीस वर्षं ती तिनं ऐकलेलीच होती. आणि मग एकाएकी ती थांबली.

कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. मला ठाऊक होतं ती कुठं अडली. ते पाचवं पान, वरून दुसरी ओळ. फेर्मिनभाऊ तिला सांगतील, मी मनात म्हणालो, त्यांना सगळं पाठ आहे. कुणीच काही बोललं नाही. मग नेरेइदाचा आवाज आला, एकेक अक्षर जमिनीतून उपटून काढल्यासारखा. "पाम्... फि... लि... या." आणि पुन्हा, सरळ, "पाम्फिलिया." त्यापुढे ती कुठंही थांबली नाही.

घरी आल्यावर बाईंनी कॉफी केली. कुणी जिंकल्याची, कुणी हरल्याची भाषा नव्हती. पण बाईंनी कप पुढे करत विचारलं, "फेर्मिन, तुझ्या तोंडून मी ते नाव एकदाही ऐकलेलं नाही. वीस वर्षं तू ते गाळत होतास?"

फेर्मिनभाऊ साखर ढवळू लागले. "पहिल्या वर्षी चुकून सुटलं असेल," ते म्हणाले. "मग तसंच पाठ झालं. पुढे डोळ्यांना ती अक्षरं दिसेनाशी झाली. पुस्तक मी नुसतं धरायचो, एलादिया. सांगणार कुणाला?"

एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतकं हळू बोलताना मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांनी घातलेले धपाटे मी त्याच क्षणी विसरून गेलो.

मंगळवारी पडवीत सहावी खुर्ची मांडली गेली. फेर्मिनभाऊ सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. नेरेइदानं वळून पाहिलं. वस्तीतल्या कुणालाही वाटलं असतं, की आता ही बर्फाचा हिशेब चुकता करणार. तिनं आपल्या शेजारची खुर्ची थोडी सरकवून जागा केली आणि म्हणाली, "इकडे उजेड बरा आहे, भाऊ."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, कागद ओढताना खोकतो. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. यंत्र अडलं तर फेकायच्या आधी ते पडद्यावर काय सांगतंय ते वाचा. आणि तुमच्या घरात कुणी पुस्तक नुसतं हातात धरून बसत असेल, तर त्याला चारचौघांत विचारू नका. घरी बोलवा, आणि माझ्यासारख्याला सांगा. मी अक्षरं हवी तेवढी मोठी करून देईन.