नानांचं ड्रेसिंग

संघमित्रानं काचेच्या बशीचं झाकण जरासं उचललं आणि तो वास आला. उतरलेल्या द्राक्षांचा, गोडसर, कोंदट. दहिसरच्या घरी नानांच्या पायाची पट्टी सोडताना गेले दहा दिवस हाच वास येत होता. आई तो औषधाचा समजून उदबत्ती लावत होती.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं सूक्ष्मजीवशास्त्राचं हे पहिलंच प्रात्यक्षिक. सोमवारी उत्तरा मॅडमनी सगळ्या पोरींना वॉर्डातून थेट लॅबमध्ये बोलावलं होतं. "हात धुतलेत ना? मग बशीतल्या आगरवर, त्या जेलीवर, बोटं टेका. त्यात जंतू वाढतात. बघू किती स्वच्छ आहात ते." आज बुधवार. मैत्रिणीच्या, शीतलच्या बशीत चार पांढरे ठिपके होते. संघमित्राची हिरवी पडली होती.

"तुझी तर झकास उगवलीय गं!" शीतल म्हणाली.

"स्यूडोमोनास जंतू," मॅडम म्हणाल्या. "याला ओल आवडते. वॉर्डातल्या बेसिनपाशी तुम्ही सगळ्या एकाच ओल्या नॅपकिनला हात पुसता ना? धुतलेले हात तिथं पुन्हा माखतात. तुम्हाला काही होत नाही. पण उघडी जखम, त्यात शुगरचा पेशंट, म्हणजे वाट लागली."

संघमित्रानं झाकण परत बशीवर ठेवलं.

नाना, तिचे वडील, बोरिवलीच्या एका सोसायटीत वॉचमन. नवा बूट चावला, अंगठ्याला जखम झाली, आणि शुगरमुळे ती भरेना. ड्रेसिंगच्या पहिल्याच दिवशी लेकीनं हातमोज्यांचा खोका आणला. ते पाहून नानांनी पाय मागं ओढला.

"हे घालून शिवणार मला?"

जालन्याकडच्या त्यांच्या गावात लहानपणी हॉटेलवाला त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, भांडं लागू नये म्हणून. ही गोष्ट नानांनी शंभरदा सांगितली होती. पोरीला पांढरा गणवेश मिळावा म्हणून बारा-बारा तास गेटवर उभा राहणारा हा बाप. त्याला कुठल्या तोंडानं पुस्तकातलं पान दाखवायचं? तिनं हातमोजे बाजूला ठेवले आणि उघड्या हातांनी ड्रेसिंग करू लागली. बापाचा मान राखला, आणि माती खाल्ली. त्या पोरीच्या जागी आपण काय केलं असतं, ते छातीवर हात ठेवून कुणी सांगावं.

"मॅडम, हा माझ्याकडून त्यांना गेला, की त्यांच्याकडून मला आला?"

"कुणाला?"

"वडिलांना."

"ते एका बशीवरून नाही सांगता येत, बाळा. आधी त्यांना दवाखान्यात ने. आजच्या आज."

पण संघमित्राला कळून चुकलं होतं. पहिला आठवडा जखम लालबुंद, स्वच्छ होती. तिची वॉर्डातली ड्युटी सुरू झाली आणि मग वास आला.

त्याच संध्याकाळी नानांना भरती केलं. शनिवारी पाय गुडघ्याखालून कापला. डॉक्टर म्हणाले शुगर, म्हणाले रक्त पोचत नव्हतं, म्हणाले उशीर झाला. ड्रेसिंग कोण करत होतं, हे कुणीच विचारलं नाही. कुणी विचारेल म्हणून ती दोन दिवस वाट बघत होती. विचारलं असतं तर तिला रडता तरी आलं असतं.

सोमवारी ती भेटायला गेली तेव्हा नाना शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलत होते.

"ही माझी पोरगी. सिस्टर होणार. इथं सगळे हातमोजे चढवून हात लावतात बघा. हिनं तीन आठवडे पाय धुतला माझा, एकदाही घातले नाहीत. आपलं माणूस ते आपलं माणूस."

ड्युटीवरची सिस्टर ट्रॉली घेऊन आली. "धरतेस का जरा? पट्टी बदलायचीय."

नानांनी हसून चादर बाजूला केली. "ये, तूच धर."

संघमित्रानं ट्रॉलीवरच्या खोक्यातून हातमोजे काढले. आधी उजवा घातला, मग डावा. "नाना, ऐका ना," ती म्हणाली.

नाना तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी गुडघ्यापर्यंत उरलेला पाय मागं ओढून घेतला.