डिशवरचा पत्रा

मी राउटर बोलतोय. टीव्हीच्या बाजूला बसलेला पांढरा डबा. या घरातलं नेट गेलं की सगळ्यात आधी ज्याला टपली बसते, तो मीच.

कारखान्यातून आम्ही दोघं एकाच खोक्यात आलो, मी आणि माझी बहीण डिश. टेकडीपलीकडच्या या वस्तीकडे केबलवाले फिरकत नाहीत, म्हणून आम्हाला आणलं. बहीण गच्चीवर गेली. आभाळातल्या उपग्रहांशी बोलणं हे तिचं काम. ती जे ऐकते ते वायरीतून माझ्याकडे येतं आणि मी ते घरभर वाटतो. बसवणारा माणूस जाताना बजावून गेला होता, "हिच्या डोक्यावरचं आभाळ तेवढं मोकळं ठेवा. बाकी ही काही मागत नाही."

बाबांनी मान डोलावली. बाबांनी मान डोलावली म्हणजे ऐकलेलं नाही, हे मला पुढे कळलं.

बाबांना वस्तू वापरण्यापेक्षा झाकायला जास्त आवडतात. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफा चादरीखाली. मला आत्याने विणलेला रुमाल मिळाला. आत मी उकडून निघतो, पण दिवाणखान्याची शोभा राहते. काकांच्या मते माझ्यातून निघणाऱ्या लहरींनी डोकं दुखतं. म्हणून ते मोबाइल घेऊन पार मागच्या खोलीत बसतात आणि तिथून ओरडतात, "नेट किती स्लो आहे!"

घरात एक मुलगी आहे, बाबांची लेक. तिने दूरच्या शहरातल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. शेवटची मुलाखत सकाळी, व्हिडिओवर होती. त्या लोकांनी स्पष्ट कळवलं होतं, वेळ चुकली तर पुन्हा संधी नाही. बाबांचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे, तिथे शिकव की.

नेमकं त्याच सकाळी नेट गेलं आणि घरातले सगळे तज्ज्ञ कामाला लागले.

काकांनी मला बंद केलं. चालू केलं. मी जरा डोळे उघडतोय, तोवर पुन्हा बंद. आजाऱ्याला दर मिनिटाला उठवून 'बरं वाटतंय का' विचारावं, तसा हा उपचार.

बाबांनी मोबाइल नाचवला. "पूर्ण रेंज आहे की! तुझा लॅपटॉपच बिघडलाय."

"बाबा, ती रेंज मोबाइलपासून राउटरपर्यंतची. राउटरला पुढून काही मिळतच नाहीये. नळ चांगला आहे, टाकी रिकामी आहे. कळलं?"

"टाकी कालच भरलीय गं," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलीने काकांच्या हातातून माझी वायर काढून घेतली. मला शांतपणे सुरू होऊ दिलं. लॅपटॉप थेट मला जोडून पाहिला. मी ठणठणीत होतो. गच्चीकडे जाणारी वायर तपासली. तीही घट्ट होती. मग तिने मोबाइलवर कंपनीचं अ‍ॅप उघडलं. त्यावर लिहिलं होतं, डिशला आकाश दिसत नाही.

"गच्चीवर कोण गेलं होतं?"

काका उगाच मला पुन्हा बंद करायला सरसावले.

"काल तू बाहेर होतीस ना, तेव्हा मी फक्त वरून पत्रा घातला," बाबा म्हणाले. "चार खांबांवर, पक्का. केवढं ऊन लागतं तिला! एवढी महागाची वस्तू."

"बाबा, आभाळ बघणं हेच तिचं काम आहे!"

"अगं, मी तर चांगल्यासाठीच केलं."

"तुम्ही सगळं चांगल्यासाठीच करता. पाना कुठे आहे?"

मुलाखतीच्या इस्त्रीच्या शर्टावरच ती गच्चीवर गेली. नट करकरले. मग धाडकन आवाज झाला. इतका गोड आवाज मी तोवर ऐकला नव्हता. थोड्या वेळाने बहिणीचा निरोप वायरीतून खाली आला आणि माझा दिवा स्थिर झाला.

बाहीवर गंजाचा डाग आणि छातीत धाप घेऊन ती कॅमेऱ्यासमोर बसली. मी तिचा एक शब्दही गळू दिला नाही.

तिला नोकरी मिळाली. बाबांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले, माझ्यामार्फतच. "ऐन वेळी नेट गेलं होतं. मीच पत्रा काढायला लावला!"

ती उद्या निघतेय. आज बाबांनी तिच्यासाठी बेत ठरवलाय. राहायचं मावशीकडे, तासातासाला फोन करायचा, आणि पहिले काही महिने ते स्वतः सोबत राहतील.

तिने बॅग भरता भरता फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, पत्रा."

बाबांनी मावशीला लावायला घेतलेला फोन खाली ठेवला. मान मात्र डोलावली नाही. म्हणून वाटतं, या वेळी ऐकलं असावं.

पण बहीण सांगते, तो पत्रा अजून कठड्याला टेकून उभा आहे, 'लागला तर असावा' म्हणून. बाबा, उद्यापासून लेकीचा चेहरा माझ्याच वाटेने तुमच्यापर्यंत येणार आहे. आत्याचा रुमाल मी सोसेन, काकांच्या टपल्याही खाईन. तेवढा तो पत्रा भंगारात घाला.