बाटलीत उरलेलं दूध

पाळणाघरात मावशींना अठरा वर्षं झाली होती. तान्ह्यांची खोली म्हणजे त्यांचंच राज्य. अशात परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासनीस आल्या. त्यांनी खोल्या मोजल्या, दारांच्या कड्या ओढून पाहिल्या आणि शेवटी कर्मचाऱ्यांचे दाखले मागितले. नवा नियम दहावीचा होता. मावशींची शाळा सातवीतच सुटलेली.

संचालिकाबाईंना सांगणं जड गेलं. "मावशी, परवाना अडलाय हो. दहावी पास होईपर्यंत स्वयंपाकघर सांभाळा. तिथल्या माणसानं मुलांच्या कुठल्याच खोलीत जायचं नाही, असंही लिहिलंय."

"नुसतं बघायलाही नाही?"

बाईंनी नियमाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्या खोलीत सात महिन्यांची गोटी होती. गोल गरगरीत, म्हणून नाव मावशींनीच ठेवलेलं. पहिले आठ दिवस भिंतीपलीकडून तिचं रडणं यायचं आणि मावशींचा जीव खालीवर व्हायचा. मग रडणं थांबलं. त्यांना ते थांबणंच जास्त लागलं.

बाटल्या धुवायला मात्र त्यांच्याकडेच यायच्या. गोटीच्या नावाची बाटली त्या आधी उजेडात धरायच्या. निम्मं दूध उरलं असेल तर "दात येत असतील," म्हणायच्या. रिकामी आली की दिवसभर गुणगुणायच्या.

दुपारी मुलं झोपली की ओट्यावर गणिताचं पुस्तक उघडायचं. भाजी चिरणारी मदतनीस हसायची, "मावशी, या वयात बीजगणित?"

"काय करू बाई! त्या मेल्या 'क्ष'ची किंमत काढल्याशिवाय माझं पोर मला भेटायचं नाही."

पहिल्या खेपेला गणितानं दगा दिला. दरम्यान एक दिवस गोटीची बाटली आलीच नाही. ती कपानं प्यायला लागली होती, मोठ्या मुलांच्या खोलीत गेली होती. दुसऱ्या खेपेला मावशी काठावर सुटल्या. तोवर सव्वा वर्ष उलटलं होतं.

दाखला बाईंच्या टेबलावर ठेवला आणि त्या तडक मोठ्यांच्या खोलीच्या दाराशी गेल्या. गोटी ठोकळे रचत होती. केस केवढे वाढलेले!

"गोटे..."

पोरीनं वर पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, आणि ती त्या खोलीत मुलांना सांभाळणाऱ्या ताईच्या मागे दडली.

ताई ओशाळली. "विसरली हो ती."

"विसरायचंच वय आहे," मावशी म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

तिथे तीन महिन्यांचा नवा पाहुणा त्यांच्या हातात आला. तो काही केल्या रडायचा थांबेना. त्या येरझारा घालत राहिल्या. पलीकडे ठोकळे कोसळले आणि गोटी खदखदून हसली. तिचं असं मोठ्या मुलीसारखं हसणं मावशींनी कधी ऐकलं नव्हतं. त्या जागच्या जागी थांबल्या.