टपालपेटीवरचं पोळं

शब्द न् शब्द खरा आहे, शपथ घेऊन सांगते! खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दातही गळून पडोत.

आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, शिवणकाम करायच्या. चाळिशीला आल्या तरी लग्न नाही. दहा स्थळं त्यांनीच नाकारलेली. अकरावं आलं ते परगावच्या एका घड्याळजीचं. त्याने लिहिलं, "पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर नकार समजेन." घड्याळजीच तो, मुदत घालणारच. फोन काही तेव्हा घरोघरी नव्हते. वन्संनी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि होकाराचं पत्र कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.

तासाभरात पेटीवर मधमाश्यांचं मोहोळ येऊन बसलं. पोस्टमन किल्ली घेऊन आला आणि टोपी टाकून पळाला.

मी म्हटलं, "दुसरं पत्र लिहा की."

"दोनदा होकार? गळ्यात पडल्यासारखं दिसेल, वहिनी!"

मग काय, निघालो दोघी. पोस्टातले साहेब म्हणाले, "पेटी केंद्र सरकारची, बरोबर. पण माश्या पडल्या रानातल्या. ते खातं राज्याचं."

वनखात्यातले साहेब म्हणाले, "माश्या आमच्या, मान्य. पण बसल्यात केंद्राच्या पेटीवर. तिला हात कसा लावणार? आणि फूटपाथ नगरपालिकेचा. तिकडे जा."

नगरपालिकेतला कारकून कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्माच शोधत होता. "नीट समजून घ्या, बाई. माशी बसली की केंद्राची, उडाली की राज्याची, चावली की आमची. कारण दवाखाना आमचा. तुम्हाला चावली का?"

"नाही."

"मग इथे कशाला आलात?"

काय सुरेख वाटणी! घरी सासूबाई एकट्या सगळं ठरवायच्या. पाच मिनिटांत निर्णय, आणि अख्खं घर रडायचं. इथे तिघं मिळून ठरवत होते, त्यामुळे रडायला एकट्या वन्संच.

हातावर हात धरून मात्र कोणी बसलं नाही हं. दहाव्या दिवशी नगरपालिकेने पाटी लावली, "पुढे माश्या आहेत." राज्याने तिच्या खाली लावली, "माश्यांना त्रास देऊ नये." आणि केंद्राने समोरच्या भिंतीवर, लांबूनच, "टपाल वेळेवर टाका."

बाराव्या दिवशी वन्संनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तीन बाह्या लावल्या. तेव्हा मी कागद ओढला.

"आता काय लिहिताय, वहिनी?"

"आपला अर्जच चुकतोय. गप्प बसा."

तिन्ही कचेऱ्यांत तोच अर्ज दिला. 'पोळ्यात पाच किलो मध आहे. तो कोणाच्या हद्दीत येतो, कृपया कळवावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तीन जीपगाड्या कोपऱ्यावर हजर! साहेब तीन, बादल्या तीन.

"पेटी आमची, तर मधही आमचा!"

"अहो, माश्या कोणाच्या?"

"थेंब पडणार फूटपाथवर! फूटपाथ कोणाचा?"

आधी पोळं तर उतरवू, यावर तिघांचं एकमत झालं. तेवढंच. धूर केला, माश्या उडाल्या, म्हणजे राज्याच्या झाल्या. तिन्ही बादल्या काठोकाठ भरल्या. त्या झोंबाझोंबीत पोस्टमनने गुपचूप किल्ली फिरवली आणि वन्संचं पत्र थैलीत टाकलं.

पंधराव्या दिवशी सकाळी ते पोचलं. संध्याकाळी घड्याळजी आमच्या दारात! मनगटावरचं घड्याळ विसरून आलेला.

वन्संनी दारातच विचारलं, "एवढा उशीर?"

"बस राज्याची होती," बिचारा म्हणाला. वन्सं हसल्या आणि लग्न ठरलं.

आता एक गोष्ट पदरची आहे, कबूल करते. बादल्या भरल्या नव्हत्या. अकरा दिवसांचं पोळं ते, त्यात बोटाला लागेल एवढाही मध नव्हता. पण अर्जात तो मीच घातला होता ना? मग गोष्टीतून काढून कशाला घेऊ?

दोनातला एक दात मात्र मघापासून हलतोय.