अर्धं राहिलेलं धुराड्याचं गणित

मित्रांनो, नायगावच्या चाळीत एका टेबलावर फुलाफुलांच्या टॉवेलाखाली झाकलेला जुना संगणक, तो मी. सुचित्राने माझे भाग एकेक करून जमवले आणि स्वतःच्या हाताने जोडले. माझा पंखा असा घरघरायचा, की शेजारणी तिला चिडवायच्या, "काय गो, पिठाची गिरणी काढलीस की काय?"

काम मात्र मोठं होतं. कोळशाच्या वीजकेंद्राचा धूर एका उंच मनोऱ्यात खालून सोडायचा आणि वरून द्रावण शिंपायचं. ते धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. मग द्रावण तापवून तो वायू वेगळा काढायचा. या तापवण्यातच केंद्राची बरीच शक्ती खर्ची पडते. ती वाचवणारी रचना सुचित्राने शोधली होती. खरा मनोरा उभारण्याआधी तो माझ्या पोटात उभा राहिला. आकडे जमले, तर एक वीजकंपनी छोटा प्रयोग करून पाहणार होती. सुचित्राची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली होती.

शेवटचं लांबलचक गणित गणपतीच्या तोंडावर सुरू झालं. माझी डिस्क भरत आलेली, म्हणून मधले आकडे साठवणं तिने बंद केलं होतं. गावी निघताना तिने वडिलांना, दत्तारामांना, बजावलं, "बाबा, कॉम्प्युटर चालूच राहू दे हां. हात नका लावू."

ती सामान घेऊन खाली उतरली. दत्तारामांनी देवाला नमस्कार केला, गॅस बघितला, खिडक्या लावल्या. मग घर बंद करून गावी जाणारा चाकरमानी शेवटी जे करतो, तेच त्यांनी केलं. मेन स्विच खाली ओढला. वीज गेली की मला थोडा वेळ तगवणारी बॅटरी पी-पी करत राहिली. ऐकायला घरात कोणी नव्हतं. मग मी विझलो, आणि कुठेच न साठवलेलं सगळं गणित पुसलं गेलं.

परतल्यावर माझा काळा पडदा पाहून सुचित्राने विचारलं, "बाबा, याला हात लावलात?"

"मी हात पण लावूक नाय गो, बाय," दत्ताराम म्हणाले. "मेन तेवढो बंद केलंय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "असू दे, बाबा," एवढंच म्हणाली. कंपनीची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. तिने मुदत मागितली, ती मिळाली नाही, आणि प्रयोग बारगळला. आता ती परळला एका ऑफिसात नोकरी करते. मला तिने पुन्हा कधी सुरू केलं नाही. फार वाईट वाटतं, पण माझं काय, मी यंत्र.

दत्ताराम मात्र घरातल्या एकाही बटणाला हात लावत नाहीत. उकडलं तरी पंखा लावत नाहीत. संध्याकाळी सुचित्रा येईपर्यंत काळोखात बसून राहतात. यंत्रं जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते राहू दे. तुमच्यापैकी कोणी नायगावला आलात, तर जरा आत या आणि त्यांना म्हणा, "आजोबा, दिवा लावता का?"